उप्सालाचे सर

फोन दुपारी आला. मी मेथी निवडत बसले होते, आणि मेथी निवडताना मी फोन उचलत नाही हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तो लागोपाठ दुसऱ्यांदा वाजला तेव्हाच समजलं की काहीतरी आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या सरांची मुलगी तन्वी बोलत होती. ती खराडीला राहते, तिथेच नोकरी करते, आणि एरवी इतकं भराभर बोलते की तिचं निम्मं बोलणं मला अंदाजाने घ्यावं लागतं. त्या दिवशी मात्र ती सावकाश बोलली. "मावशी, बाबा गेले." सर सकाळी कात्रजच्या तलावाकाठी गोगलगायी बघायला गेले होते. परत येताना बसमधून उतरताना पाय घसरला आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हटलं. असल्या वेळी माणूस काय वाट्टेल ते म्हणतो, मी "बरं" म्हटलं. मग उरलेली मेथी निवडून संपवली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना, आणि चपला घातल्या.

याला आता काही आठवडे झाले. लोक मला अजूनही जिन्यात थांबवतात. सर कसे गेले हे कोणी विचारत नाही, ते पहिल्याच दिवशी नारायण पेठभर झालं होतं. विचारतात ते वेगळंच. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून विचारतात, "काय हो बाई, शेवटी कळलं का? म्हणजे... ते होते कोण?" एखादा माणूस तुमच्या शेजारी अर्धा जन्म राहतो, तुमच्या गॅसचा सिलिंडर उचलून आत ठेवतो, तुमच्या घरच्या आजारपणात रात्री जागतो, आणि तो गेल्यावर लोक विचारतात, तो होता कोण. धन्य आहे. पण मी तरी कुणाला नावं ठेवू? मलाही तीस वर्षं हेच जाणून घ्यायचं होतं. सरांनी सांगितलं नाही. सांगणार नाही, आणि मेल्यावरही कुणाला कळू देणार नाही, हा त्यांचा पण होता. तो पाळला गेला की नाही, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

सरांचं नाव दिवाकर सखाराम. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी हा त्यांचा विषय आणि त्यांना नावं देणं, त्यांची गटवारी लावणं हे त्यांचं काम. घरात बेसिनखाली, फ्रिजवर, कपड्यांच्या कपाटातसुद्धा काचेच्या कुप्या असत. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी : नाव, नदी, गाव, कोणी गोळा केली. इतक्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःवर मात्र चिठ्ठी लागू दिली नाही. ते राहायला आले तेव्हा दाराला पितळी पाटी लावायची म्हणून तांबट आळीत गेले. नाव सांगितलं, "दिवाकर सखाराम." कोरणाऱ्याने विचारलं, "पुढे?" सर म्हणाले, "पुढे काही नाही. सखाराम म्हणजे वडील." त्या कारागिराला हे काही पटलं नाही. त्याने दोन शब्द पाटीच्या डाव्या बाजूला कोरले आणि उजवीकडे चांगली वीतभर जागा कोरी ठेवून म्हणाला, "राहू दे साहेब. विचार बदलला की घेऊन या, जोडून देईन." सर ती पाटी तशीच घेऊन आले. दारावर एका कुशीला नाव आणि बाकी नुसतं पितळ. येणारा-जाणारा ती कोरी जागाच आधी वाचायचा.

त्यांची नि माझी ओळखच या प्रश्नावर झाली. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचे. नवीन शेजारी आले म्हणून विरजण द्यायला गेले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आपण मूळचे कुठले?" पुण्यात हा प्रश्न चहाच्या आधी विचारतात. त्याचं उत्तर मिळालं की पुढचं आपण आपलं जुळवून घेतो. सर शांतपणे म्हणाले, "उप्साला." मी "असं का" म्हणून घरी आले. जिना उतरणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी ते ऐकलं होतं. अण्णा म्हणजे आमच्या बिल्डिंगचं माहिती खातं. सरांच्या बोलण्यात वऱ्हाडी वळण होतं, 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' असं यायचं, त्यामुळे अण्णांनी ठरवून टाकलं की हे उप्साला वाशीमकडे, कारंज्याच्या पुढे कुठेतरी असणार. पुढे कितीतरी वर्षं ते लोकांना तसंच सांगत. एकाला तर म्हणाले, "मी गेलोय तिकडून. बरं गाव आहे, पाण्याचे हाल आहेत." पण मी भूगोलाची शिक्षिका. मला गावाचं नाव सांगून कोणी गुंडाळावं? दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी सरांना विचारलं, "स्वीडनमधलंच ना?" त्यांचा चेहरा इतका उजळला की मला आधी संकोचच वाटला. म्हणाले, "बाई, या. बसा. या शहरात मला पकडणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मग त्यांनी ती हकिगत सांगितली. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये एक गृहस्थ होऊन गेले, त्यांनी जगातल्या यच्चयावत प्राण्यांना आणि वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं द्यायचा सपाटा लावला. सर त्यांचं नाव घेत नसत, 'स्वीडनचे काका' म्हणत. माणसाला होमो सेपियन्स हे नाव या काकांनी दिलं. आता नियम असा, की कोणत्याही प्रजातीला नाव दिलं की एक नमुना दाखवावा लागतो : हा बघा, याला मी हे नाव दिलं. तो नमुना जिथला, ते त्या प्रजातीचं मूळ ठिकाण. काकांनी माणसाचा नमुना काही ठेवला नव्हता. बेडकाचा ठेवला, माशांचा ठेवला, माणसाचा राहून गेला. पुढे दोनशे वर्षांनी कुणाच्यातरी लक्षात आलं, की काकांनी आयुष्यात सगळ्यात जास्त न्याहाळलेला माणूस म्हणजे ते स्वतःच, तेव्हा त्यांनाच नमुना धरा. काका पुरलेत उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये. "तेव्हा बाई," सर म्हणाले, "शास्त्राप्रमाणे आपण सगळे मूळचे उप्सालाचे. तुम्हीसुद्धा. तुमचे अण्णासुद्धा." मी म्हटलं, "अण्णांना सांगू नका. ते गोत्र बदलायचे नाहीत." त्यावर ते गोत्रांबद्दल चौकशी करायला लागले. ज्याला आपलं गोत्र माहीत नसेल त्याने काश्यप म्हणावं, असा रिवाज आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी मांडीवर थापच मारली. त्यांच्या धंद्यातही म्हणे असं चालायचं. कुठेच बसत नाहीत ते सगळे प्राणी एका गटात कोंबून ठेवायचे आणि पुढच्या पिढीवर सोपवायचे. "तो आमचा भंगाराचा डबा. तुमच्याकडेही आहे म्हणायचा!" हा विनोद त्यांनी पुढे तन्वीला इतक्यांदा ऐकवला की ती कानावर हात ठेवायची.

मी मात्र इतक्या सहज ऐकणाऱ्यांतली नव्हे. गोगलगाय नि पोटात पाय, हे मी त्यांना तोंडावर म्हणत असे. "तुमचं शास्त्र राहू दे, आडनाव सांगा," असं मी दर संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणायचे. ते गूळ घेऊन गोड हसायचे. अण्णांची तऱ्हा निराळी. ते आडून यायचे. "आपलं कुळ कोणतं म्हणायचं, सर?" सर गंभीरपणे म्हणायचे, "होमिनिडी. चिंपांझी, गोरिला आमचे भाऊबंद. येणंजाणं नाही विशेष." तन्वी लग्नाची झाली तेव्हा अण्णा स्थळ घेऊन आले, त्यांना खरोखरच त्या मुलीचं बरं व्हावं असं वाटत होतं. "पण सर, तुमच्यातलं म्हणजे कोणत्यातलं बघू?" सर म्हणाले, "सस्तन असावा. बाकी तिचं ती बघेल." तिने बघितलं, खराडीत तिच्याच ऑफिसातला मुलगा. अण्णा लग्नाला आले, पोटभर जेवले, आणि नवऱ्यामुलाकडच्या पाहुण्यांकडून काही कळतं का म्हणून हात धुवायच्या रांगेत बराच वेळ उभे राहिले.

हे सगळं थट्टेचं वाटेल. मलाही वाटायचं, तन्वी आठवीत होती तोपर्यंत. तिची आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे शाळेतून ती आधी माझ्याकडे यायची. एक दिवस दप्तर टाकून रडायला लागली. वर्गातल्या मुली डब्याच्या वेळी आपापलं सांगत होत्या, तुम्ही कोण, आम्ही कोण, आणि हिला काही सांगता येईना. त्यांना वाटलं ही लपवते. "मावशी, मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. मी तर बोललेच नाही काही." माझं डोकंच फिरलं. तरातरा समोर गेले नि सरांना फाडफाड बोलले. तुमची तत्त्वं तुमच्यापाशी, त्या पोरीने कशाला भोगायचं? सांगून टाका काय असेल ते, आकाश कोसळत नाही! सरांनी ऐकून घेतलं. हातातली कुपी खाली ठेवली. मग, मला नाही, तन्वीला समोर बसवून त्यांनी सांगितलं, ते असं.

संशोधन करत असताना ते नद्यांच्या काठाकाठाने हिंडत. विदर्भातून सुरुवात करून खाली मराठवाड्यापर्यंत, पायी, कधी मिळाली तर एसटीने. पाण्यात उतरायचं, दगड उलटायचे, गोगलगायी गोळा करायच्या. ऊन टळटळीत. नदीचं पाणी पिण्याजोगं नसलं की गावात जाऊन पाणी मागायचं. आणि प्रत्येक गावात पाण्याआधी प्रश्न यायचा, आडनाव काय पाव्हणं? पहिल्या काही गावांत त्यांनी खरं सांगितलं. नंतर त्यांच्यातल्या शास्त्रज्ञाला सुचलं, की हा तर आयता प्रयोग आहे. मग ते प्रत्येक गावात वेगळं आडनाव सांगायला लागले. माणूस तोच, सदरा तोच, तहान तीच. बदलायचं ते फक्त आडनाव. कुठे त्यांना आत बोलावून बाजेवर बसवलं आणि घासलेला पेला हातात दिला. कुठे ओसरीवर. कुठे ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं. कुठे "विहीर तिकडं आहे" म्हणून हात दाखवला. एका गावात म्हातारीने काही न विचारता तांब्या पुढे केला, तर हेच इतके गोंधळले की आपण होऊन एक आडनाव सांगून मोकळे झाले. "पाणी सगळीकडे सारखंच होतं, बेटा," सर म्हणाले, "भांडं बदलत होतं." त्या प्रवासाच्या शेवटी आपण नेमके कोण हे सांगायची त्यांना इच्छाच उरली नाही. परत आल्यावर त्यांनी आडनाव लावणं सोडलं.

तन्वी डोळे पुसत ऐकत होती. मी दारात उभी होते. तिने विचारलं, "मग त्यातलं आपलं कोणतं?" मीही कान टवकारले, खोटं कशाला बोलू. सर म्हणाले, "तू मोठी झालीस की तुला सांगेन. पण एक अट. ऐकल्यावर ते आडनाव म्हणजे बाज, की ओंजळ, की विहीर, हे माझ्याकडून समजून घेऊ नकोस. कोणत्या आडनावाला काय मिळालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही." तिला पुढे त्यांनी सांगितलं. ती अठरा वर्षांची झाली त्या दिवशी दोघं फिरायला गेली आणि तिथे सांगितलं. तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही... म्हणजे एकदाच विचारलं. ती म्हणाली, "मावशी, प्लीज." मी विषय बदलला.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटचं व्याख्यान दिलं तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. विषय अर्थात माणूस. ते सांगत होते, की स्वीडनच्या काकांनी प्रत्येक प्राण्याचं वर्णन लिहिलं : दात किती, शेपूट केवढी, बोटं कशी. माणसापाशी आले आणि वर्णन लिहिलंच नाही. एवढंच लिहिलं, की स्वतःला ओळख. "इथे थांबायला हवं होतं," सर म्हणाले. "इतकी चांगली ओळ लिहिल्यावर माणसाने लेखणी खाली ठेवावी. पण राहवत नाही ना!" काकांनी त्याच पानावर पुढे माणसांचे चार गट पाडले, खंडाप्रमाणे, रंगाप्रमाणे, आणि वर स्वभावही वाटून दिले. कुणी कायद्याने चालणारे, कुणी लहरीने. आशियातले म्हणे सैल कपडे घालणारे आणि मतांवर चालणारे. "हे वाचून मला कायम वाटतं की काका नारायण पेठेत येऊन गेले असावेत." वर्ग हसला, मीही हसले. सर म्हणाले, ते चारही गट शास्त्राने केव्हाच टाकून दिले, होमो सेपियन्स हे नाव तेवढं राहिलं. पण ती ओढ काही गेली नाही. एक नाव पुरत नाही माणसाला, लगेच खाली रेघ मारून उपगट पाडायला घेतो.

तेव्हा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. चांगला उंच, पहिल्या बाकावरचा. आधी त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, मुद्दाम ठासून. मग म्हणाला, "सर, तुम्ही आडनाव सोडलंत, ठीक आहे. मी सोडणार नाही. माझ्या आज्याने या आडनावापायी मार खाल्लाय. आज ते बोर्डावर लागलं पाहिजे, पहिल्या नंबरात. तुम्ही ते पुसायला सांगणार असाल तर मला मान्य नाही." सरांना उत्तरं तोंडपाठ असत, त्या दिवशी मात्र त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे." एवढंच. घरी येताना रिक्षात मी डिवचलं, "काय सर, तो मुलगा तुम्हाला भारी पडला." ते म्हणाले, "भारी नाही पडला. त्याचं नाव लोकांनी हिसकावून घेतलं होतं, ते तो परत घेतोय. मी माझं आपण होऊन ठेवून दिलं. दोन्ही चालावं, बाई. चालू नये ते तिसरंच. दुसऱ्याने आपलं आडनाव विचारून पाण्याचं भांडं ठरवणं." मी बाहेर बघत बसले. त्यांचं एखादं म्हणणं मला एका झटक्यात पटलं असं फार थोड्या वेळा झालं, त्यातली ही एक वेळ.

मरणाचीही व्यवस्था त्यांनी लावून ठेवली होती. लोक विधींवरून ओळखतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. कोण जाळतात, कोण पुरतात, कोण कितव्या दिवशी काय करतात, कोणता भटजी येतो, की येतच नाही. म्हणून देहदान. नोंदणी करून आले तेव्हा भलतेच खुशीत होते. मला म्हणाले, "टेबलावर ठेवतील. पोरं येतील, बघतील आणि म्हणतील, मनुष्य, पुरुष, वृद्ध. एवढं वर्गीकरण मला मान्य आहे." मी म्हटलं, "आणि वात्रट हे कोण लिहिणार?" ते म्हणाले, "ते तुम्ही सांगा जाऊन."

आणि हे इतकं बेतलेलं सगळं बसच्या पायरीवरून घसरलं. अपघाती मृत्यू, म्हणजे पोलीस आले, म्हणजे पोस्टमॉर्टेम आलं. आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह शिकवायला चालत नाही, वैद्यकीय महाविद्यालयातून तसं स्पष्ट सांगितलं, सौजन्याने सांगितलं. तन्वी माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, आता काय करायचं?" ती सबंध दिवसात तेव्हा पहिल्यांदा घाबरलेली दिसली. बाप गेला त्याचं दुःख होतंच, पण तिच्या हातात त्याची एकच गोष्ट उरली होती आणि तीही आता निसटणार असं तिला वाटत होतं. मलाही वाटलं. घरून निघालो तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. सगळी चांगली माणसं. हळहळत होती. आणि मला प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसत होतं : आता कळेल.

विद्युतदाहिनी ठरवली, त्यात काही बोलायला लागत नाही म्हणून. पण अण्णा आमच्या आधी पोचले होते आणि सोबत गुरुजी होते. अण्णांना वाईट नाही म्हणणार, मंत्राशिवाय कुणाला पाठवायचं हे त्यांच्या कल्पनेत बसतच नव्हतं, स्वतःच्या खिशातून दक्षिणा देणार होते. गुरुजी तरुण होते, घाईत होते, दाराशी अजून दोघं-तिघं खोळंबले होते. त्यांनी पळी हातात घेतली आणि विचारलं, "नाव? गोत्र?" तन्वी गप्प. अण्णा एक पाऊल पुढे सरकले. मागे बिल्डिंगमधले सगळे, सरांच्या कॉलेजातले काही, कान तन्वीकडे लागलेले. गुरुजींना असल्या गप्प बसण्याची सवय असावी. ते समजुतीने म्हणाले, "माहीत नसेल तर हरकत नाही ताई. काश्यप म्हणा. चालतं."

आणि तन्वीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना, तोंडावर ओढणी धरून ती हसत सुटली आणि हसताहसता रडायला लागली, बापाच्या देहाशेजारी. लोकांना वाटलं पोरीचा तोल गेला. कुणीतरी पाणी आणलं. मला माहीत होतं तिला काय आठवलं. मलाही तेच आठवलं होतं, भंगाराचा डबा, आणि मांडीवर मारलेली थाप... मी तिला जवळ घेतलं. फार जवळचा माणूस गेला होता माझा. हे मी तोपर्यंत स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. तन्वीने डोळे पुसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "गुरुजी, नुसतं नाव घ्या. दिवाकर सखाराम." गुरुजी म्हणाले, "नुसतं कसं..." ती म्हणाली, "दोन शब्द आहेत. पुरतील." गुरुजींनी एकदा तिच्याकडे, एकदा खोळंबलेल्या माणसांकडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि त्या दोन शब्दांवर पाणी सोडलं. अण्णांनी दक्षिणा दिली.

पण अजून एक बाकी होतं. आठ-दहा दिवसांनी गावाकडून सरांचे चुलतभाऊ आले, रामभाऊ. धोतर-टोपीतले, साधे, मोकळे गृहस्थ. त्यांना निरोप उशिरा पोचला होता. तन्वीने घर उघडलं होतं, मी चहा टाकायला तिच्या स्वयंपाकघरात होते. तेवढ्यात अण्णा आलेच, भेटायला म्हणून. बसले, पावसापाण्याची चौकशी केली, सोयाबीनचा भाव विचारला, आणि मग हळूच म्हणाले, "मग रामभाऊ, आपलं घराणं म्हणजे मूळचं..." रामभाऊंना सरांच्या पणाचं काय ठाऊक! ते लगेच तोंड उघडून म्हणाले, "आमी? आमी तं..." तन्वी जागच्या जागी पांढरी पडली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. म्हटलं, "उप्सालाचे. अण्णा, तुम्ही जाऊन आलायत की तिकडून. पाण्याचे हाल आहेत म्हणाला होतात. रामभाऊ, साखर किती?" रामभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग तन्वीकडे, मग भिंतीवर लावलेल्या सरांच्या फोटोकडे. मान हलवली. "दोन चमचे टाका," म्हणाले. अण्णांनी चहा बिनसाखरेचाच पिऊन टाकला. त्यांना मधुमेह आहे.

संध्याकाळी रामभाऊंना रिक्षापर्यंत सोडायला मी खाली उतरले. तन्वी वर आवरत होती. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. ते एका पायरीवर थांबले आणि म्हणाले, "बाई, दिवाकर लहानपनी बी असाच. एकदा नाई म्हनला का नाई. पन तुमाले बी नाई सांगतलं त्यानं? इतक्या वर्सात?" मी म्हटलं, "नाही." ते जरा हळहळले. घरच्या माणसासारखी होते मी त्यांच्या भावाला, हे त्यांना दिवसभरात दिसलं होतं. आपुलकीने म्हणाले, "मंग मी सांगू?"

खरं सांगते, जीव नुसता टांगणीला लागला. तीस संक्रांती मी तो तिळगूळ दिला होता. अण्णा वर होते, तन्वी वर होती, कुणाला कळलंही नसतं. मी नारायण पेठेत जन्मले, इथेच म्हातारी झाले. माझं आडनाव सांगितलं की माझ्या मिसळणाच्या डब्यात काय काय आहे तेसुद्धा लोकांना कळतं, आणि दुसऱ्याचं तेवढंच कळल्याशिवाय मला करमत नाही. माणसाला राहवत नाही, सर म्हणायचे. मी कठड्याला धरून उभी राहिले.

"नको," म्हटलं.

रामभाऊंनी हात जोडले आणि रिक्षात बसले. आता सरांचं घर बंद असतं. तन्वीने अजून काही ठरवलेलं नाही, कुप्या सगळ्या त्यांच्या कॉलेजात गेल्या, पाटी तेवढी दारावर आहे. सर ती दर महिन्याला चिंचेने घासायचे, ते आता मी करते. अक्षरांच्या खाचांत चिंच अडकून बसते, काडीने कोरून काढावी लागते, त्यात वेळ जातो. उजवीकडच्या कोऱ्या जागेला काहीच करावं लागत नाही, एकदा ओल्या फडक्याने पुसली की झालं.